पुरतं की

ओगराळं पातेल्याच्या तळाला घासलं.

श्लोक होऊन वाढणं चालू होतं. पहिला घास पोटात जाईपर्यंत हवं-नको सोडून कुणी बोलायचं नाही, हा रेक्टर कुलथे मॅडमचा नियम. त्या शांततेत तो घासल्याचा आवाज हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला. सरूमावशी अजून तिसऱ्या ओळीतच वाढत होत्या. मागच्या दोन ओळी रिकामी ताटं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

कुणी काही सांगितलं नाही, कुणी कुणाकडे पाहिलंही नाही, पण तिसऱ्या ओळीतले हात एकेक करून ताटावर आडवे होऊ लागले. पुरे मावशी. मला आज भूक नाही. मला नुसती पोळी चालते, वरण पुढं न्या. चौथ्या ओळीतली एक जण तर हसून म्हणाली, माझा उपासच धरा. सरूमावशींनी तळचं वरण पळीपळीनं फिरवलं आणि शेवटच्या ताटापर्यंत काहीतरी पिवळं पोचवलं. सगळ्या जेवल्या. पंगत सोबतच उठली. सगळ्या ताटांत वाढून होईपर्यंत उठायचं नाही, हाही मॅडमचाच नियम.

माझ्या शेजारी अयोध्या बसली होती, माझी खोलीतली मैत्रीण. तिनं घास हातातच ठेवून ते सगळं पाहिलं. मी तिला कोपरानं ढोसलं तर म्हणाली, "थांब, बघू दे."

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज. मुलांचं वसतिगृह रस्त्याच्या पलीकडे, मुलींचं अलीकडे, आणि स्वयंपाकघर एकच, पलीकडचं. मुलांची जेवणं उरकली की आमची पातेली हातगाडीवर चढायची आणि रस्ता ओलांडून यायची. मेसची फी दोघांची सारखीच होती. रस्ता ओलांडताना वरणाला कुठेतरी पाणी भेटतं, असं आम्ही म्हणायचो आणि हसायचो. हसायची सवय आम्हाला चांगली होती.

मी त्या वर्षी एलआर होते, म्हणजे विद्यार्थी मंडळात मुलींची प्रतिनिधी. निवडून आले ती तोंडाच्या जोरावर. वक्तृत्व स्पर्धेत मी उभी राहिले की बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी बोलायचं, असं कॉलेजात म्हणायचे. अयोध्या याच्या उलट. गृहविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती, बोलायची कमी आणि बघायची फार.

ठिणगी पडली ती रक्तदान शिबिरात. आम्ही मुली नवे ड्रेस घालून रांगेत उभ्या. रक्तपेढीचा माणूस बोट टोचायचा आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर परत जा. मुलांचे थेंब दगडासारखे खाली जात होते. आमचे तरंगत होते. एकीचा तरंगला, दुसरीचा, तिसरीचा. अयोध्याचा तरंगला. माझाही. मंडळाचा जीएस, म्हणजे सरचिटणीस, विश्वंभर याच्या हातात माइक होता. तो म्हणाला, "मुलींचं रक्त जरा हलकं आहे मित्रांनो, समजून घ्या." सगळं मैदान हसलं. माझी कानशिलं तापली. मी माइककडे निघाले तर अयोध्यानं मनगट धरलं. तिनं रक्तपेढीच्या त्या माणसाला विचारलं, "हे पाणी कसं बनवतात?"

विद्यापीठाचा संशोधन महोत्सव तोंडावर होता. तिनं आमच्याच वसतिगृहाचा आहार हा विषय घेतला. मार्गदर्शक कुलथे मॅडम, कारण गृहविज्ञान त्याच शिकवायच्या. अयोध्या सुई, स्पिरिटचा बोळा आणि प्रयोगशाळेतून मागून आणलेली बाटली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरली. मुली आधी ओरडायच्या, मग आपला थेंब तरंगतो की बुडतो ते बघायला एकमेकींच्या खांद्यावरून वाकायच्या. बुडणारे थेंब फार थोडे निघाले. सोबत तिनं कागदावर प्रश्न देऊन उत्तरंही लिहून घेतली. काय खाता, किती खाता, मेसचं जेवण पुरतं का, घरून काही येतं का.

थेंबांचे आकडे हातात आल्यावर मी विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत विषय ठेवला. मागणी अगदी साधी होती. मुलांची पंगत बसायच्या आधी मुलींचं वरण, भाजी, पोळ्या वेगळ्या काढून ठेवायच्या. बस, एवढंच.

बैठक प्राचार्यांच्या केबिनमध्ये होती. प्राचार्य, कुलथे मॅडम, विश्वंभर, मंडळाची बाकीची मुलं. मी उभी राहिले आणि बोलले. रस्ता ओलांडणाऱ्या वरणापासून सुरुवात केली, निळ्या पाण्यावर तरंगणाऱ्या थेंबांवर आले, आणि ज्या मुलींच्या रक्ताला तुम्ही मैदानात हसलात त्या मुलींचं रक्त तुमच्या ताटात गेलंय, असं म्हणून थांबले. माझा आवाज थरथरत होता. मी तो मुद्दाम थरथरवला नव्हता.

प्राचार्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर दोन बोटांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. विश्वंभरनं खरीच टाळी वाजवली.

"व्वा," प्राचार्य म्हणाले. "शिवकन्या, जिल्ह्याच्या स्पर्धेला हेच घे. फक्त शेवटाला गती थोडी कमी कर."

मी म्हटलं, "सर, वरण."

"हो हो, वरणाचा मुद्दा फार छान आलाय. तो ठेवच."

मला वाटलं, हे चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती. त्यांना खरोखर आवडलं होतं. ते वाक्यावाक्याला मान डोलवत होते आणि एकाही वाक्यातलं एक अक्षर त्यांच्या कानाच्या आत गेलं नव्हतं. मी पुन्हा बोलू लागले, चढ्या आवाजात, आणि बघते तर विश्वंभर शेजारच्याला डोळ्यांनी खुणावतोय, की बघ, आता कशी चढते.

मग कुलथे मॅडमनी अयोध्याचेच कागद पुढे सरकवले. म्हणाल्या, सर, भावना ठीक आहेत, पण संशोधन काय म्हणतं तेही बघू. मेसचं जेवण पुरतं का, या प्रश्नाला एकूण एक मुलीनं हो म्हटलंय. एकीनंही नाही म्हटलेलं नाही.

प्राचार्यांनी कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. "मग प्रश्न काय आहे?"

"आणि रक्त?" मी विचारलं.

"अगं, बायकांचं रक्त कमीच असतं," मॅडम म्हणाल्या. "माझंही कमी आहे." हे त्या जवळजवळ अभिमानानं म्हणाल्या.

चहा आला. ठराव झाला नाही. माझ्या नावाची शिफारस जिल्हा स्पर्धेसाठी एकमतानं झाली.

मी वसतिगृहात परतले ती अंगाचा नुसता जाळ झालेली. सगळ्या मुलींना व्हरांड्यात बोलावलं आणि तोंड सोडलं. तुमच्यासाठी मी तिथं घसा फोडतेय आणि तुम्ही खोटं लिहून दिलंत. कुणाला भ्यालात? मॅडमला? मग उपाशी मरा, मला काय. एलआरपद मी आत्ता फेकते. असं बरंच.

मुली खाली बघत होत्या. पहिल्या वर्षाची सत्यभामा, दोन वेण्या घालणारी, बारकी, ती तेवढी माझ्याकडे बघत होती. तिला माझा राग कळतच नव्हता.

"ताई, खोटं कुठं लिहिलं?" ती म्हणाली. "पुरतंच की. पुरवतोच की आम्ही."

मी तिच्याकडे वळले.

"आमच्या घरी बी आई असंच पुरवती," ती समजावून सांगू लागली, जणू मीच त्या गावात नवी होते. "पाव्हणे आले, कालवण थोडं झालं, तर आई म्हणती, मला आज नको वाटायलंय. मग मी बी म्हणते. मग पुरतं."

तिच्या आजूबाजूच्या मुली मान हलवत होत्या. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं. विचारलं होतं पुरतं का, आणि ते पुरत होतं. रोज पुरत होतं. त्यांनी कधी कमी पडूच दिलं नव्हतं.

आता माझ्या घरी एक लेक आहे, तीन वर्षांची. पोट भरलं की ओठ घट्ट मिटून घेते आणि मान फिरवते. पोट भरलंय हे मला माहीत असतं, मीच भरवलेलं असतं. तरीही ते मिटलेले ओठ बघून माझ्या हातातला घास थांबतो, आणि मी उगाचच तिच्या पोटावर हात ठेवून बघते.

त्या दिवशी व्हरांड्यात अयोध्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "शिवा, माझा प्रश्नच चुकला. पुरतं का, असं नव्हतं विचारायचं. कोण पुरवतं, असं विचारायचं होतं."

"आता विचार मग."

"आता विचारून काय होतंय? पुन्हा कागदच येईल," ती म्हणाली. मग पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचून उभी राहिली. "उद्यापासून पुरू द्यायचं नाही."

तिनं सांगितलं ते असं. जिच्या ताटात वाढतील तिनं पोट भरेपर्यंत घ्यायचं. हात आडवा करायचा नाही, भूक नाही म्हणायचं नाही. पातेलं जिथं संपेल तिथं संपेल. पुढच्यांनी रिकामं ताट घेऊन बसून राहायचं. आणि पंगत उठायची नाही.

सत्यभामा पहिल्या ओळीत बसायची. ती म्हणाली, "म्हणजे मी खायचं आणि मागच्यांनी बघायचं? मला नाही जमायचं, ताई."

"जमव," अयोध्या म्हणाली. "राग येत नाही का तुला? रागानं खा."

मला म्हणाली, "आणि तू बोलायचं नाहीस. एक शब्द नाही. तू बोललीस की त्याचं भाषण होतं."

दुसऱ्या संध्याकाळी श्लोक झाला, सरूमावशी वाढू लागल्या. पहिल्या ओळीनं घेतलं. परत घेतलं. सरूमावशी एकेका ताटापुढे थांबून बघायच्या, हात कधी आडवा होतो म्हणून, आणि तो होत नव्हता. त्यांच्या काय ते लक्षात आलं असावं, कारण नंतर त्या ओगराळं काठोकाठ भरून वाढू लागल्या. सत्यभामा पोळीमागून पोळी खात होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मागच्या ओळीकडे तिची पाठ होती. उपाशी राहायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं, पण दुसरीच्या रिकाम्या ताटासमोर पोट भरून खाणं तिला त्या दिवशी पहिल्यांदा करावं लागत होतं. ती ते करत होती.

दुसरी ओळ संपता संपता वरण संपलं. पोळ्या त्याच्या आधीच संपल्या होत्या.

मागच्या तीन ओळींनी ताटं पुढ्यात ओढली आणि त्या बसून राहिल्या. जेवलेल्याही बसून राहिल्या. खरकटे हात वाळून बोटं कडक झाली. मॅडम खुर्चीतून उठल्या, म्हणाल्या, हे काय चाललंय, उठा. कुणी उठलं नाही. मॅडमनी एकेकीचं नाव घेऊन दरडावलं. घरी कळवीन म्हणाल्या. मुलींचे चेहरे पांढरे पडले, पण मांड्या हलल्या नाहीत.

"मॅडम, पंगत व्हायचीय अजून," अयोध्या म्हणाली. मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात.

माझ्या जिभेवर सबंध भाषण तयार होतं. मी दात आवळून बसले. आयुष्यात मी इतकी कधी रागावले नव्हते आणि इतकी गप्पही कधी बसले नव्हते. मॅडम माझ्याकडेच बघत होत्या, मी उसळेन म्हणून वाट पाहत. मी उसळले असते तर मला स्पर्धेतून काढलं असतं, समज दिली असती आणि प्रकरण मिटलं असतं. सगळ्या मुलींच्या बसून राहण्याला काय समज द्यायची ते त्यांना ठाऊक नव्हतं.

फोन झाले. प्राचार्य आले, दारातूनच त्यांनी त्या ओळी पाहिल्या आणि आत पाऊल न टाकता परत फिरले. बऱ्याच वेळानं बाहेर हातगाडीची चाकं वाजली. पुन्हा शिजवलेलं पातेलं आलं होतं. गाडीसोबत विश्वंभर होता. आज त्याच्या हातात माइक नव्हता, पातेल्याची कड होती. सरूमावशींनी ओगराळं पातेल्यात घातलं आणि ते उभं राहिलं. त्या वरणात डाळ होती.

त्यानंतर मुलींची पातेली आधी भरू लागली. स्नेहसंमेलनात प्राचार्यांनी तो विद्यार्थी मंडळाचा उपक्रम म्हणून जाहीर केला आणि विश्वंभरला पुष्पगुच्छ दिला. पलीकडच्या मुलांनी आम्हाला बकासुराच्या बहिणी असं नाव पाडलं. अयोध्यानं प्रश्न बदलून नवी पाहणी केली, तिच्यावर सही करायला मॅडमनी नकार दिला. तो अभ्यास विद्यापीठात गेलाच नाही. हे सगळं आम्ही गिळलं असतं.

पण मॅडमनी अयोध्याच्या घरी फोन केला होता. तुमची मुलगी खाण्यावरून मुलींना भडकवते, एवढंच म्हणाल्या. मुलगी राजकारण करते म्हटलं असतं, उनाडक्या करते म्हटलं असतं, तर तिच्या वडिलांनी कदाचित तिला रागावून सोडून दिलं असतं. मॅडम स्वतः त्याच मातीतल्या. कोणता शब्द कुठं लागतो ते त्यांना बरोबर कळत होतं.

अयोध्याचे वडील गावात शिवणकाम करायचे. सगळे त्यांना आबा म्हणायचे. ते तिला कायमचं घरी न्यायला आले ते स्वतः शिवलेला कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, आणि सोबत अयोध्याची धाकटी बहीण रेणू, सहा-सात वर्षांची. परीक्षा महिन्यावर आली होती. मी आबांना मेसच्या दारातच गाठलं आणि म्हणाले, काका, परीक्षेपर्यंत तरी राहू द्या, पुढं हवं ते करा. तिच्यामुळे इथल्या मुलींना धड जेवण मिळू लागलंय.

आबा भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येत होतं. ते पायातल्या चपलेकडे बघत हळू आवाजात बोलले.

"बाई, अभ्यासावरून भांडली असती तर मी गावभर सांगत फिरलो असतो. खाण्यावरून भांडली म्हणतात. तिला बघायला येणाऱ्या पाव्हण्यांच्या कानावर गेलंय ते. खादाड पोरगी म्हणून माघारी गेले ते. आन् उरलेला गाव म्हणतोय, बापानं उपाशी ठेवली असंल."

सरूमावशी मध्ये पडल्या. म्हणाल्या, आधी दोन घास खा, मग काय ते. त्यांनी पाटावर बसवून तिघांना वाढलं. घट्ट वरण, भात, वर तुपाची धार, जी मेसमध्ये कधी नसायची. कुठून आणली होती कोण जाणे. आबांनी घास कालवला आणि तसाच ठेवला.

"अयोध्या," ते म्हणाले, "खरं सांग. घरी तुला कधी काही कमी पडलं का गं?"

मी तिच्याकडे बघत होते. सांग, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. सांग त्यांना. त्या निळ्या पाण्याचं सांग, घरी आई कशी पुरवते ते सांग, आज इथं सांगितलं नाहीस तर कुठं सांगणार आहेस. तिनंही माझ्याकडे पाहिलं. मग तिनं आबांच्या सदऱ्याच्या बाहीवर पडलेलं भाताचं शीत बोटानं उचललं.

"नाही आबा," ती म्हणाली. "पुरायचं की."

आबांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना बरं वाटलं होतं. मला ताटं भिरकावून द्यावीशी वाटली, आणि कुणाच्या अंगावर भिरकावायची ते कळेना.

अयोध्या ट्रंक बांधायला उठली. आबा तिच्या मागे गेले. मेसमध्ये मी आणि रेणू उरलो. पोरीचं ताट लख्ख झालं होतं, बोटंही चाटून झाली होती. सरूमावशी ओगराळं घेऊन तिच्यापुढे वाकल्या. रेणूनं आधी वरणाकडे पाहिलं, मग बहीण गेली त्या दाराकडे. सरूमावशींना तिनं थांबा अशी खूण केली आणि माझा कुडता ओढून मला खाली वाकवलं.

"ताई," ती माझ्या कानात म्हणाली, "मी अजून मागितलं, तर मला कुठं नेतील?"